अख्खं लावलेलं लुगडं

संग्रामपूरला माझी बदली झाली ते १९६४ साल. शाळेत मी चित्रकला शिकवायचो, म्हणजे मुलांकडून आंबे आणि फुलदाण्या काढून घ्यायचो. आंब्याचं एक वेळ ठीक, पण फुलदाणी त्या गावात कुणी पाहिलेली नव्हती. स्वतःसाठी रंग मी केव्हाच सोडले होते. फुटक्या बांगड्या, बैलांच्या गळ्यातल्या चिरलेल्या घंटा, नदीतले गोटे असलं वेचून आणायचं आणि त्यातून काहीतरी जुळवायचं, हा माझा उद्योग. गाव म्हणायचं, मास्तर भंगार वेचते. म्हणू देत.

नागपूरच्या एका प्रदर्शनासाठी मला एक मोठं काम करायचं होतं. अख्ख्या गावाची एकच गोधडी. प्रत्येक माणसाचं एकेक वापरलेलं कापड, आणि टाके गावातल्या बायकांचे. मी फक्त मागून आणणार. बायका हसतील असं वाटलं होतं, आणि त्या हसल्याच. पण कापडंही दिली. कपाशीची वेचणी संपली होती, दुपारचे हात मोकळे होते. मी शाळेत असताना माझ्या ओसरीवर सात-आठ जणी जमायला लागल्या. त्यांची म्होरकी झुंबरबाई, साठीची, आवाज पाटलासारखा.

काम सुरू झालं त्या रविवारी मी घरीच होतो. झुंबरबाईनं कात्री घेतली आणि कापडांचा ढीग पुढ्यात ओढला. एकेक तुकडा उचलायची आणि विचारायची, "हे जित्या माणसाचं का गेलेल्याचं?"

"काय फरक पडतो?" मी म्हणालो.

"जित्याचं अख्खं लावाचं, मास्तर. गेलेल्याचा एक कोपरा कापाचा, मंग लावाचं. नाही कापला तं त्याले वाटते, आपलं अंथरूण अजून घरातच हाय."

असल्या गोष्टींवर मी वाद घालत नाही, वेळ जातो. आणलेल्या तुकड्यांत बरेच कोपरे उडाले. तळाशी जांभळ्या लुगड्याचा तुकडा निघाला. तो मीच तळाशी ठेवला होता.

"हे कोनाचं?"

"आमच्या घरातलं. अन्नपूर्णेचं."

"बाई कुठी हाय?"

अन्नपूर्णेला, माझ्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झाली होती. नव्या गावात मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक चेहरा पाडतात आणि मग जेवायला बोलावतात, मला दोन्हीचा तिटकारा. पण खरं सांगायचं तर त्या लुगड्याला कात्री लागलेली मला बघवली नसती.

"माहेरी," मी म्हणालो. "मलकापूरला."

"मंग जितंच की." झुंबरबाईनं तुकडा अख्खा ठेवला.

आठवड्याभरानं संध्याकाळी गोधडी बघत होतो. सगळ्या बायकांचे टाके एका दिशेनं तिरके पडलेले. जांभळ्या तुकड्याभोवतीची एकच ओळ उलटी होती. असे टाके डावखुऱ्या हाताचे पडतात. अन्नपूर्णा डावखुरी होती. असेल गावात आणखी कुणी डावखुरी, म्हटलं, आणि कंदील लावला.

दोन दिवसांनी जनकाबाई विहिरीवर भेटली. ती ओसरीवरच्या बायकांपैकीच एक.

"बाई आल्या न आमाले सांगतलं नाही, मास्तर?"

"कोण बाई?"

"काऊन थट्टा करता? तीन रोज झाले, भिंतीपाशी संगच बसून राह्यल्या आमच्या. बोलत नाहीत जास्त. पन डाव्या हातानं सुई लय झरझर चालते."

"कशा दिसतात?"

नवऱ्यानं विचारायचा तो प्रश्न नव्हता. पदर तोंडाला लावून ती हसत निघून गेली.

मी घरी आलो. दोन्ही खोल्या बघितल्या, परसात बघितलं, माळ्यावरही चढलो. कुणी नव्हतं. बायका माझी फिरकी घेताहेत असं ठरवून टाकलं आणि मला जरा बरं वाटलं. मग गोधडीत खोचलेली सुई दिसली. बायकांना जाऊन तासभर झाला असेल. दोऱ्याचं टोक ओलं होतं. दोरा ओवण्याआधी टोक ओठांत धरायची अन्नपूर्णेची सवय होती, आणि त्यावरून मी तिला हजारदा टोकलं होतं.

फळीवरून कात्री घेतली. एक कोपरा कापला की संपत होतं. जांभळं कापड दोन बोटांत धरलं, ते वापरून मऊ झालेलं होतं. दोन वर्षं मी एकटा जेवत होतो, एकटा भांडं घासत होतो, आणि आता त्या घरात कुणीतरी माझ्यासाठी सुई ओवून ठेवत होतं. कात्री परत फळीवर ठेवली.

"मला इथं एकट्याला करमत नाही गं," मी मोठ्यानं म्हणालो. भिंतीशी बोलल्यासारखं झालं, स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुसरा तास संपल्यावर डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि घरी निघालो. बायका यायच्या आत तिला गाठायचं होतं. वाटेत कुणी रामराम घातला नाही. ऊन फार होतं, लोक घरात असतील.

ओसरीवर गोधडी पसरलेली. भिंतीजवळची जागा रिकामी.

जांभळ्या तुकड्याला लागून नवा तुकडा लावला होता. पांढऱ्यावर निळी रेघ. टाके उलटे.

ते कापड मी ओळखलं. तो सदरा माझ्या अंगात होता.

मागचा घोळ पुढं ओढून बघितला. एक चौकोन गेलेला होता. कडा आत दुमडून नीट शिवलेल्या.

मग गोधडीवरचा तुकडा पुन्हा बघितला. त्याचा एक कोपरा कापलेला होता.

अंगणात पावलं वाजली. झुंबरबाई आली, मागं जनकाबाई आणि इतर जणी.

"या," मी म्हणालो.

झुंबरबाई माझ्या अंगावरून पुढं गेली. नेहमीच्या जागी बसली. सुई शोधता शोधता तिचं बोट नव्या तुकड्यावर आलं, कापलेल्या कोपऱ्यावर थांबलं. जनकाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"झुंबरबाई, मी इथं आहे," मी म्हणालो.

ती भिंतीकडे सरकली. तिनं हात उचलला आणि रिकाम्या जागेत खांद्याच्या उंचीवर अलगद ठेवला.

"आमाले सांगतलं नाही, बाई? कवा गेले मास्तर?"

उत्तर आलं असावं, कारण तिनं मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले.

मी त्या भिंतीकडे बघत राहिलो. तिथं मला अजूनही कुणीच दिसत नव्हतं.