गेलेल्या माणसाचा आवाज

"बोला!" सवयीने फोन उचलून आत्या म्हणाली, आणि तिच्या पाठीमागे खळ्ळकन कप फुटला.

वळून बघते तर दारात वहिनी. चहा फरशीवर पसरलेला, कपाचा कान तेवढा बोटात अडकलेला, आणि डोळे... देवा रे, ते डोळे! दादा गेल्यापासून त्या बाईचे डोळे कोरड्या विहिरीसारखे झाले होते, आणि आज त्यात एकदम कोणीतरी दिवा सोडला होता.

"अहो..." वहिनी हलकेच म्हणाली. "तुम्ही आलात?"

इकडे हे, आणि फोनवर बेकरीवाले काका रडकुंडीला आलेले. "साहेब! ऐकताय ना साहेब? बाजार कोसळलाय म्हणतात! सगळं काढून टाकू का? पोरीच्या शिक्षणाचं आहे हो ते!"

आता खरं बघायला गेलं तर त्याच क्षणी आत्याने सांगायला हवं होतं, की काका, साहेब गेले. प्रवासात, स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या गेले. पण पलीकडचा माणूस बुडत होता हो! बुडणाऱ्याला आधी हात द्यायचा की नाव सांगत बसायचं?

"काका, आधी पाणी प्या," ती म्हणाली. "भट्टीचं दार मध्येच उघडलं की पाव बसतो, हे मी तुम्हाला सांगायचं का? मग हे दारसुद्धा आत्ता उघडायचं नाही. पोरीला पैसे लागायला अजून वर्षं आहेत. काही काढायचं नाही."

"तुम्ही म्हणता तर झालं, साहेब," काकांनी सुस्कारा सोडला. "जिवात जीव आला."

आणि दारातली वहिनी डोळे मिटून, चौकटीला डोकं टेकवून, हसत होती.

झालं होतं असं, की आत्याचा आवाज पहिल्यापासून घोगरा. शाळेत पोरी तिला 'भोंगा' म्हणायच्या. लग्नाचं बोलणं निघालं की फोनवर समोरची माणसं म्हणायची, "वडिलांशी बोलणं झालं, आता जरा मुलीला द्या!" दादाचा आवाजही डिट्टो तसाच. एका मातीच्या दोन घागरी. फरक एवढाच, की दादाची घागर चारचौघांत खणखणायची, आणि फोन हातात दिला की त्या भल्या माणसाला घाम फुटायचा.

गुंतवणुकीचा सल्ला द्यायची परीक्षा दोघांनी मिळून दिली. ती एका झटक्यात पास, तो रखडत रखडत. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं. पहिलं गिऱ्हाईक आलं, एक कापडवाला. आत्याने त्याला सगळं समजावून सांगितलं. कुठे किती ठेवायचं, कशाला हात लावायचा नाही, घरात आजारपण आलं तर काय. त्याने मान डोलावली, आणि मग तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "छान. आता साहेबांना बोलवा."

साहेब आत बनियनवर बसून जेवत होते! आत्याने दादाला शर्ट चढवून बाहेर ढकललं. दादाने तिचंच बोलणं तिच्याच शब्दांत पुन्हा म्हटलं, आणि कापडवाल्याने सही केली.

त्या दिवशी प्लायवूडचं पार्टिशन आलं. पुढे दादा... हसणार, पोराबाळांची चौकशी करणार, पाठीवर थाप मारणार. मागे आत्या... विचार तिचा, सल्ला तिचा, आणि फोनवर आवाजही तिचाच. गिऱ्हाइकं म्हणायची, "साहेब फोनवर जास्त हुशार वाटतात!" दादा खो खो हसायचा आणि मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा. "पाटीवर तुझं नाव टाकू गं," दरवर्षी म्हणायचा. "राहू दे रे," ती म्हणायची, "चालत्या गाडीला खीळ कशाला?" असं म्हणून ती हसायची खरी, पण पार्टिशनमागे येऊन बसली की छातीत कुठेतरी काहीतरी निमूटपणे मरायचं!

वहिनीला यातलं कोणी काही सांगितलंच नाही. दादाला लाज, आत्याला दादाची दया. वहिनीच्या लेखी हुशारी सगळी नवऱ्याची, पार्टिशनपलीकडून येणारा आवाज नवऱ्याचा, आणि बिनलग्नाची नणंद म्हणजे खायला काळ आणि भुईला भार. हे ती कधी भांडून बोलली नाही. भांडी घासता घासता, ऐकू जाईल एवढ्या बेताने बोलली.

तर त्या फुटक्या कपाच्या दिवसापासून घरात एक वेगळाच कारभार सुरू झाला. रोज सकाळी वहिनी पार्टिशनच्या अलीकडे स्टूल टाकून बसायची आणि भिंतीला पाठ लावून ऐकायची. फोन वाजला की केस सारखे करायची! दादाचे शर्ट पुन्हा इस्त्रीला पडू लागले. एकदा आत्याने सहज खिडकी उघडी टाकली तर वहिनी म्हणाली, "वन्सं, लावून घ्या ती. यांना वारा सोसत नाही."

आत्याने खिडकी लावून घेतली.

सांगायला हवं... उद्या सांगू, परवा सांगू. पण बाजार रोज खाली, फोन रोज वर. सल्लागार मेला हे कळलं असतं तर माणसं घाबरून मातीमोल भावात सगळं विकून मोकळी झाली असती. म्हणून दादा मेल्यावरही कामावर येत राहिला. "घाबरू नका," तो सांगायचा. "हप्ता बंद करू नका," तो सांगायचा. आणि फोन ठेवला की आत्याला वाटायचं, पार्टिशनपुढची खुर्ची आत्ता करकरली. एकदा भर दुपारी ती त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "दादा, मी आता काय करू रे?" आणि तिच्याच गळ्यातून उत्तर आलं, "बोला!" ती इतकी दचकली, की तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. वीस वर्षं दादाला आपला आवाज उसना दिला होता. आता परत मागायचा तरी कोणाकडे?

मग सुट्टी काढून पुतणी आली. दादाची एकुलती एक पोर. दुसऱ्या गावी बँकेत, हेच सल्ल्याचं काम करणारी. बापाचं ऑफिस आपण चालवावं हे तिच्या मनात, आणि आईचं एकच पालुपद, "ती यांची खुर्ची आहे. बायकांचं काम नाही ते."

पोरीने सकाळी पार्टिशनआड एक फोन ऐकला, आईला स्टुलावर बसलेलं पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत्या, हे काय चाललंय? बाबा गेलेत!"

"हळू बोल गं... तुझी आई ऐकेल."

"तिला ऐकूच दे! बँकेत माझ्या समोर बसून माणसं विचारतात, साहेब कुठे आहेत? मी रोज सांगते, साहेब नाहीत, मी आहे. निम्मी उठून जातात. जाऊ देत! हे सगळं मी कोणाकडून शिकले, आत्या? सुट्टीत मांडीवर बसवून व्याज कोणी समजावलं? आणि तू मेलेल्या माणसाच्या आड लपून बसलीस?"

"लपले नाही गं," आत्या पुटपुटली. "तुझ्या आईकडे बघ. मी गप्प झाले तर ती दुसऱ्यांदा विधवा होईल."

आणि तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं.

बेकरीवाले काका! हातात गरम पावांची पिशवी, तोंडभर हसू. "सकाळीच फोनवर बोलणं झालं साहेबांशी. म्हटलं, एवढा धीर देतात, एकदा भेटून यावं. आहेत ना?"

कोणी काही बोलायच्या आत वहिनी लगबगीने पुढे झाली. कपाळावरची बट मागे सारली, खुर्ची पुसली. "बसा ना काका! आत आहेत ते. फोनवर आहेत. येतीलच!"

आणि काका बसले. वहिनी पार्टिशनकडे बघत बसली. लहान मूल दाराकडे डोळे लावून बसतं ना, तशी... आत्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. दया म्हणून जे केलं त्याने ही बाई कुठे येऊन पोचली! आपण हिला नवरा परत दिला नाही, हिला नवऱ्याबरोबर तिकडे पाठवून दिलं!

आत्या पार्टिशनआडून बाहेर आली.

"काका," ती म्हणाली, "साहेब वारले. तुमच्याशी फोनवर बोलते ती मी."

काका ताडकन उभे राहिले. तोच आवाज, आणि समोर साध्या कुर्त्यातली एक पिकल्या केसांची बाई! "म्हणजे... मी मेलेल्या माणसाला विचारून पोरीचे पैसे ठेवले?"

"जिवंत बाईला विचारून ठेवलेत. पहिल्या दिवसापासून. पण साहेब गेल्यावरही मी त्यांच्या नावाने बोलले, ती फसवणूक. तुमचा राग बरोबर आहे."

"गप्प बस!" वहिनी किंचाळली. इतक्या वर्षांचं 'अहो-जाहो' एका क्षणात गळून पडलं. "नको बोलूस त्या आवाजात! खोटं आहे... नाही, थांबू नकोस, बोल! बोलत राहा गं..." आणि ती मटकन खाली बसली. पोर धावली. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच वहिनी रडली. अशी रडली, की भिंतींनाही पाझर फुटावा!

काकांनी पावांची पिशवी टेबलावर ठेवली, परत उचलली, आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपलं सगळं दुसऱ्या सल्लागाराकडे हलवलं. पोरीच्या शिक्षणाचं विकलं मात्र नाही, एवढं आत्याला कळलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या आणि पुतणी समोरासमोर बसल्या आणि एकेकाला फोन लावत गेल्या. "साहेब वारले. इतके दिवस लपवलं, चूक झाली. सल्ला पहिल्यापासून माझा होता. राहायचं तर राहा, जायचं तर जा." कोणी शिव्या दिल्या. कोणी तक्रार करायची धमकी दिली, आत्या म्हणाली, "करा, मी हजर होईन." कापडवाल्याने मधेच फोन ठेवून दिला. एक म्हातारी सुईण मात्र खळखळून हसली. "अगं बाई, मला कधीचं माहीत होतं! पुरुषमाणूस कधी फोनवर आधी गुडघेदुखी विचारतो का?"

निम्म्याहून जास्त गेले. पार्टिशन पोरीने पाना आणून स्वतः उतरवलं.

वहिनी आतल्या खोलीत पडून असायची. जेवण न्यायला आत्याच जायची, आणि तोंडातून शब्द काढायची नाही. काढणार कुठल्या तोंडाने? तिसऱ्या प्रहरी एकदा वहिनीनेच हाक मारली.

"एक सांग. हुशारी तुझी. आवाज तुझा. मग त्यांचं असं माझ्या वाट्याला काय आलं गं? मी संसार केला तो कोणाशी?"

आत्या पलंगाच्या कडेला बसली. "वहिनी, गिऱ्हाइकांसाठी तो माझ्याकडे रोज सल्ला मागायचा. स्वतःसाठी एकच मागायचा. ऑफिस बंद करताना मागे यायचा आणि विचारायचा, 'मी आधी गेलो तर हिला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही ना?' मी म्हणायचे, अरे कालच सांगितलं ना. तो म्हणायचा, आज परत सांग. तो प्रश्न माझा नव्हता गं. तो सगळाच्या सगळा त्याचा होता."

वहिनीने पदर तोंडात कोंबला.

"आणि मी तुला भुईला भार म्हणत होते..."

"म्हणायचीस. वर मीठही कमी घालायचीस आमटीत."

रडता रडता वहिनीला हसू फुटलं. मग ती एकदम आत्याचा हात घट्ट धरून म्हणाली, "एकदाच... एकदाच त्यांच्यासारखी हाक मार मला. मग कधी म्हणून मागणार नाही!"

साऱ्या जगासाठी आत्या दादा झाली होती, आणि या एका बाईसाठी एक शब्द काय जड होता? ओठ हललेसुद्धा. पण ती खुर्ची, ती बंद खिडकी, ते इस्त्री केलेले शर्ट...

"नाही गं वहिनी," ती म्हणाली. "माझ्या गळ्यात तो नाही. मीच आहे. मी तुला वहिनीच म्हणणार."

वहिनीने हात सोडला. भिंतीकडे तोंड केलं. आत्याला वाटलं, संपलं. हे दार आता कायमचं लागलं.

पुढच्या खोलीत फोन वाजायला लागला. पोर बाहेर गेली होती. आत्या उठणार तोच वहिनी उठली. भिंतीला धरून धरून, एकेक पाऊल टाकत ती बाहेर गेली आणि तिने फोन उचलला. आत्या दारातच थबकली.

"हां... नाही," वहिनी म्हणाली. "नाही, साहेब..."

रिकाम्या खुर्चीकडे तिने एकदा नीट बघितलं.

"साहेब वारले. माझे यजमान होते ते." आवाज फाटला, तिने तो सावरला. "सल्ला? मिळेल की. द्यायच्या त्याच पहिल्यापासून. थांबा हं... वन्सं! तुमच्यासाठी आहे."