तलावाच्या बाजूची खोली

रेल्वेच्या टाइमटेबलावर दोन हात एकदमच पडले. एक माझा. दुसरा काळा, भाजल्याच्या डागांचा, नखांच्या कडांना कोळसा बसलेला.

"सोडा," मी म्हटलं.

"मी पयले धरलं."

"तुमी धरलं, मी उचललं."

तो हसला. आणि मला दिसलं, या माणसाला भुवयाच नाहीत! जळून जळून नुसत्या दोन पुसट रेघा उरलेल्या. त्यामुळं तो हसला की लपायला जागाच नसायची, सगळा चेहरा उघडा पडायचा.

"कुठी जाचं हाय तुमाले?"

"नैनीताल."

हे मी इतक्या जोरात बोलले की भिलाईच्या सेक्टरमधल्या त्या वाचनालयातले दोन चष्मे पेपरातून वर आले. येऊ देत. एकसष्ट सालचा मार्च होता, बाहेर ऊन आतापासूनच चटके देत होतं, आणि मी आठ दिवसांपासून हा शब्द तोंडात खडीसाखरेसारखा घोळवत होते.

"अन् तुमाले?" मी विचारलं.

"मले... कुठीबी. थंडं पायजे फक्त." त्यानं पुस्तकाचं आपलं टोक सोडलं नव्हतं. "कोक ओव्हनवर हावो मी. भट्टीच्या टपावर. लाकडी तळाचे जोडे घालून उभं राहा लागते, नाई तं पाय भाजतात. दोन वर्षांनी मे महिन्यात दहा दिवसांची रजा भेटली. कुठंतरी जाऊन थंड्या पाण्यात पाय बुडवून बसाचं हाय... बस."

"मंग शिवनाथ नदीवर जा ना. दुर्गातच हाय."

"मे महिन्यातली शिवनाथ? माह्या मेसच्या चहापेक्षा गरम असते ते."

मला हसू आलं. पुस्तक मी त्याच्याकडं सरकवलं नाही, पण उघडलं मधोमध. दोघांना दिसेल असं.

मी पंचफुला चंपत रंगारी. तो देवीदास मेश्राम, पवनीकडचा. आडनावं सांगितली. आपल्या लोकांना आडनावावरून जे कळतं ते कळलं. मग बोटं एकाच रेघेवरून चालू लागली — दुर्ग, नागपूर, झाशी, लखनौ, तिथून छोटी लाईन, काठगोदाम. काठगोदामला रूळ संपतात. पुढं डोंगर, बस, आणि वर... एक अख्खा तलाव.

नैनीतालच का, तेही सांगते. मी पोलाद कारखान्याच्या टेलिफोन एक्सचेंजात बसते. ट्रंक कॉल जोडते. उन्हाळा जवळ आला की साहेबांच्या बंगल्यांवरून नैनीतालचे कॉल सुरू होतात: 'हां हां, कमरा झील की तरफ वाला चाहिए'. एकदा लाईन लागेपर्यंत एका मॅडमनं सहज विचारलं, "तुम भी कहीं जाती हो गर्मियों में?"

मी म्हटलं, "जी. नैनीताल."

"अच्छा? किसके यहाँ काम पर?"

मी तार उपटली. ट्रंक कॉल तुटतात कधी कधी.

त्याच दिवशी संध्याकाळी घरी जाहीर केलं. माझे बाबा रेल्वेत गँगमन. सव्वीस वर्षं त्यांनी या देशाचे रूळ ठोकले, त्यावरून दुसऱ्यांना गार हवेला पाठवलं. स्वतः पास काढून गेले ते फक्त नातलगांच्या मयतींना, आणि एकदा छप्पन साली नागपूरला, दीक्षा घ्यायला. मी म्हटलं, बाबा, यंदाचा पास काठगोदामचा. बाबांनी बिडी विझवली. "तिथी कोन मेलं?" म्हणाले.

"कोनी नाई. जित्या मानसांसाठी जाऊ."

बाबांनी विझवलेली बिडी कानामागं खोचली. मग म्हणाले, "चाल मंग."

वाचनालयातल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी एक्सचेंजच्या बोर्डावर कोक ओव्हनचा दिवा लागला.

"नंबर प्लीज."

"काठगोदाम जोडून द्या." मागं भट्टीचा गडगडाट, आणि त्यात तोच आवाज.

"ही कारखान्याची लाईन हाय, मिस्टर मेश्राम."

"मंग कारखान्याचंच विचारतो. नैनीतालले मे महिन्यात सेटर लागते का?"

"लागते. अन् भुवयाबी लागतात. थंडी वाजते कपाळाले."

फोरमन ओरडल्याचा आवाज आला आणि लाईन कटली. पलीकडच्या बोर्डावरच्या सुशीलानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. मी कानावरचा हेडफोन सारखा केला... उगाच. तो सरळच होता.

मग दर रविवारी तो आमच्या दुर्गच्या क्वार्टरात येऊ लागला. कामच तसं होतं ना! टाइमटेबल त्यानं हातानं उतरवून आणलं होतं. पास बाबा, माय आणि मी तिघांचा; तो आपलं तिकीट काढून त्याच गाडीनं येणार. माय आधी कुरकुरली, "परक्या पोराले संगं न्याचं?" पण तो म्हणाला, "माय, बिस्तरा कोन उचलनार?" आणि मायचा प्रश्न तिथंच मिटला.

मायला खरी काळजी स्वेटरांची. चाळीस अंशाच्या उन्हात आम्ही दोघी दारात बसून लोकर विणत होतो. शेजारची ठकूबाई येता-जाता थांबायची. "कोनाचं बाळंतपन हाय वो, गिरजाबाई?"

"कोनाचं नाई. आमी हवा खाले जाऊन राहिलो."

"हवा?" ठकूबाईनं आभाळाकडं पाहिलं. लूचा गरम वारा सुटला होता, पत्रे वाजत होते. "इथली संपली का?"

देवीदासचं स्वेटर मी विणायला घेतलं. माप घ्यायला टेप नव्हता. माय म्हणाली, "हात समोर कर बापू," आणि मला म्हणाली, "वितीनं मोज." मी खांद्यापासून मोजायला लागले. एक वीत... दोन... कोपरापाशी माझा अंगठा थांबला. त्याच्या हातावर भाजल्याचा गुळगुळीत डाग होता, तिथं कातडी गार लागली.

"किती झाल्या?" त्यानं हळूच विचारलं.

"विसरली."

"मंग पयलेपासून मोजा."

माय घरात गेली. मुद्दाम गेली की काय, देव जाणे... नाही, देव नको. माय जाणे.

राहायच्या जागेचं त्यानं अंगावर घेतलं होतं. माझ्यापेक्षा त्याची हिंदी साफ. नैनीतालच्या एका धर्मशाळेला पत्र टाकलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या पत्त्यावर कार्ड आलं. ड्युटीवरून येऊन मी चप्पलसुद्धा काढली नाही. पहिली ओळ दिसली ती शेवटची: 'कमरा झील की ओर.'

मी ओरडलेच. "माय! तलावाच्या बाजूची खोली! खिडकीतून तलाव!" मायला धरून मी गरकन फिरवलं, तिचा पदर सुटला, ठकूबाई कुंपणावरून डोकावली. मग कार्ड वरून वाचायला घेतलं.

'आपके दूसरे पत्र से जाति ज्ञात हुई। क्षत्रिय परिवार, चार जन, कमरा आरक्षित।'

पुन्हा वाचलं. मायनं विचारलं, "काय लिवलं हाय?" मी कार्ड उलटं करून फळीवर ठेवलं.

रविवारी तो आला. हातात खरबूज, चेहऱ्यावर तेच उघडं हसू. बाबा बाजेवर बसले होते. मी कार्ड त्याच्या पुढ्यात टाकलं.

"दुसरं पत्र कधी टाकलं?"

हसू गेलं. "त्यायनं होस्टेलच्या पत्त्यावर विचारलं होतं... जात लिहा, तवाच खोली भेटन म्हणून."

"अन् तू क्षत्रिय झाला?"

तुमीवरून मी तूवर आले होते. असं यायचं ठरवलं नव्हतं.

"तुमच्यासाठी केलं. तुमाले तलावाच्या बाजूची पायजे होती..." तो खाली बघत होता. "अन् तितं काय नवीन लिवलं मी? होस्टेलातबी तेच सांगतलं हाय. मेसमधले सारे बाहेरच्या मुलखाचे, आडनावावरून त्यायले कळत नाई. पयल्या दिवशी एकानं विचारलं, तोंडातून मराठा निघून गेलं. दोन वर्षं झाली. कोनी ताट सरकवत नाई. चार घास सुखानं खातो."

"त्या खिडकीतून मले तलाव दिसन का रे? मी तं दाराकडंच पाहत राहीन, कोन येते, कोन विचारते! अस्पृश्यतेचा कायदा होऊन सहा वर्षं झाली. गुन्हा त्यायचा हाय, अन् तोंड तू लपवून राहिला?"

बाबा उठले. माझे बाबा मोठ्यानं बोलत नाहीत. "पोरा," ते म्हणाले, "मी अडानी मानूस. पन त्या दिवशी नागपुरात मी उभा होतो. त्या दिवसापासून मी कोनासमोर वाकलो नाई. रुळासमोर वाकतो, तो पगाराचा. चार दिवसांच्या हवेसाठी तू मले पुना वाकाले सांगतं का?"

देवीदास पाणी न पिता निघून गेला. खरबूज बाजेखाली तसंच पडून राहिलं.

चार दिवस कोक ओव्हनचा दिवा लागायचा आणि दुसराच कोणी बोलायचा. मी स्वेटर उसवायला घेतलं. एक बाही उसवली. दुसरीला हात घातला, आणि... खोटं कशाला सांगू, रडले. मला नैनीतालचं रडू येत नव्हतं. मी जन्माचा सोबती म्हणून मनात ज्याला धरलं, तो मेसमध्ये माझं नाव काय सांगणार होता? बायको म्हणून कुणाची पोरगी सांगणार होता? रेल्वेचा चंपत रंगारी त्याच्या तोंडून निघणार होता की नाही? स्वेटर राहो, तलाव राहो, मला एवढंच कळायला हवं होतं.

शुक्रवारी दोन वाजता माझी ड्युटी सुटली. फाटकाशी तो उभा. अंगावर पाळीचेच कपडे, कोळशाची भुकटी मानेपर्यंत.

"पोस्टात चला."

"कावून?"

"तुमी नुसत्या उभ्या राहा. बोलाचं मले हाय."

पोस्टात ही गर्दी! पहिली पाळी नुकतीच सुटली होती आणि मनिऑर्डरची रांग दाराबाहेर आली होती. तारेच्या खिडकीचा बाबू म्हातारा, चष्म्याला दोरा बांधलेला. भिलाईत सगळ्यांना ठाऊक होतं की तो प्रत्येक तार खड्या आवाजात वाचून शब्द मोजतो. कुणाच्या घरी पोरगं झालं, कुणाची सासू गेली, हे रांगेला आधी कळायचं, घरच्यांना मग.

देवीदास माझ्या कानाशी म्हणाला, "या टायमाले अख्खी मेस इथंच असते. म्हणून आत्ता आलो."

मी वळून पाहिलं. मनिऑर्डरच्या रांगेत त्याच्या होस्टेलचे पाच-सहा जण. एकानं हात केला. "क्या देवीदास, किसको तार?" तो शामराव, त्याच्या खोलीतला.

देवीदासनं कागद आत सरकवला.

बाबूनं चष्मा सारखा केला आणि सुरू झाला, एकेका शब्दावर पेन्सिल टेकवत: "मैनेजर... धर्मशाला... नैनीताल... क्षत्रिय... झूठ... लिखा..." तो थांबला. वर पाहिलं.

"वाचा ना," देवीदास म्हणाला.

"महार... थे... अब... बौद्ध... कमरा... दो... या... साफ... मना... करो... देवीदास... मेश्राम."

शामराव आमच्या अगदी जवळ होता. त्यानं एक पाऊल मागं घेतलं. एकच, पण घेतलं. देवीदासनं ते पाहिलं. मान खाली घातली नाही. भुवया नसलेला तो उघडा चेहरा... आणि आज पहिल्यांदा तो कशानंच झाकलेला नव्हता.

मागून एक सरदारजी खेकसला, "ओए, लाइन आगे बढ़ाओ जी!" आणि रांग हलली.

"तीन शब्द और आ जाएँगे इसी में," बाबू म्हणाला. "कुछ जोड़ना है?"

"नाई. बस."

"थांबा," मी म्हटलं.

ट्रंक लाईनवर लखनौ, दिल्ली, कलकत्ता मी एका झटक्यात जोडते. इथं तीन शब्द जोडायला जीभ अडत होती. मी खिडकीशी वाकले आणि सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल असं बोलले, "नाव के आगे लिखिए. और पंचफुला मेश्राम."

पेन्सिल टेकली. "और... पंचफुला... मेश्राम. हो गए तीन."

देवीदास माझ्याकडं वळला. कोळशाखालून त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

"पन तुमी तं... रंगारी ना?"

"हावो," मी म्हटलं. "वैशाखी पुनवेपर्यंत. बाबाले विचाराले आज संध्याकाळी ये."

"अन् त्यायनं साफ मना केलं तं? धर्मशाळावाल्यानं?"

"मंग काठावर सतरंजी टाकू. तलाव कोनाच्या बापाचा नाई."

बाबूनं खिडकीतून पावती बाहेर सरकवली. ती घ्यायला आमचे दोघांचे हात पुढं झाले. या वेळी मी सोडा म्हटलं नाही.