वाया गेलेली ऊब

झोरेवाड्यावर वीज येऊन तीन महिने लोटले होते, तरी रोज सकाळी सातही घरांच्या छपरांतून धूर निघत होता. का, ते भागोजी आजोबांना मुळीच कळत नव्हते.

साल होते २०४३, महिना पौषाचा. सह्याद्रीच्या माथ्यावर इतका गारठा होता की बोललेला शब्दही ओठांशी वाफ होऊन थबके.

भागोजी आजोबा हे बनाईच्या वडिलांचे चुलते. या धनगरवाड्यावरून शिकायला बाहेर पडलेले ते पहिलेच. चाळीस वर्षे उष्णतेचा अभ्यास करून ते परतले आणि ओढ्याच्या धारेवर त्यांनी एक छोटे जनित्र (वाहत्या पाण्याच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) बसवले. घरोघर विजेची शेगडी दिली. तिच्यावर भाकरी टम्म फुगे. तरीही बायका लाकडासाठी रान तुडवतच होत्या.

अकरा वर्षांच्या बनाईला त्या लाकडांचा भार निराळ्या रीतीने सोसावा लागे. भरलेली मोळी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. उचलून द्यायला दुसरे कुणीतरी लागते. आईसाठी ते दुसरे कुणी म्हणजे बनाई. त्यामुळे एक दिवस शाळा, एक दिवस रान. गुरुजींनी परवाच बजावले होते, "आणखी सहा दिवस बुडाले, तर पुढल्या वर्षीही याच वर्गात बसावं लागेल, बनाई."

"धाकलूबाई, शेगडी बिघडली का?" आजोबांनी दारातूनच विचारले.

"न्हाई जी. झ्याक चालती," बनाईची आई म्हणाली.

"मग चूल कशाला पेटवलीस?"

"लागती." एवढेच बोलून ती खोकली आणि तिने पुन्हा फुंकणीला तोंड लावले.

आजोबांनी सुस्कारा टाकून उष्णतादर्शी चष्मा (उष्णता रंगांतून दाखवणारा चष्मा) डोळ्यांवर चढवला.

"आजा, मला दे की! तुला काय दिसतंय ते मला बी बघू दे."

चष्मा नाकावरून घसरत होता. बनाईने तो दोन्ही हातांनी धरला, आणि ओळखीचे घर एकाएकी अनोळखी झाले. ऊन ते केशरी, गार ते निळे. शेगडीवरचे पातेले तेवढे केशरी होते. त्याच्या भोवतीचा कोपरा डोहाच्या तळासारखा निळा. चुलीपाशी मात्र उलटे. पातेल्यात थोडेच केशरी शिरत होते. उरलेले सारे ज्वाळेच्या कडांनी वर चढत होते, फळीवरच्या घेवड्याच्या बियाण्याला वळसा घालत होते, कुडापलीकडे काल जन्मलेल्या रेडकाच्या पाठीवर हलकेच टेकत होते.

"आजा, चूल लई सांडती की!"

"सांडतेच ती. दहा वाटे उष्णता निघाली, तर जेमतेम दीड वाटा पातेल्यात जातो. शेगडीचे मात्र जवळजवळ नऊ वाटे जातात. याला म्हणतात कार्यक्षमता (दिलेल्या ऊर्जेपैकी हव्या त्या कामी आलेला वाटा). चुलीचे साडेआठ वाटे फुकट."

"फुकट कसे? रेडकू कुडकुडत न्हाई, ते त्यांच्यामुळंच. बियाण्याला भुंगा लागत न्हाई, ते बी."

चुलीत एक लाकूड तडकले.

"शेगड्या देण्याआधी घरोघर मोजणी केली, तेव्हा मी विचारलं होतं, चुलीवर काय काय शिजवता?" आजोबा सावकाश म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत, भाकरी, कालवण, दूध. मी तेवढंच लिहून घेतलं."

"तुमी शिजतंय काय, तेवढंच इचारलंत," आई म्हणाली. "ऊब कुटं इचारलीत? जल्मात एकदा चूल फुंकली असतीत, तर न इचारता कळलं असतं."

आजोबा ओशाळून हसले. शेगडीत खोट नव्हती. ती काहीच सांडत नव्हती, म्हणूनच घर थंड राहत होते.

"मग शेगडीला बी सांडाया लाव," बनाई म्हणाली.

"संध्याकाळी सात घरांचा स्वयंपाक एकदम होतो. तेव्हा वीज उरतच नाही."

"आन् समदी निजल्यावर?"

"तेव्हा भरपूर उरते. पण पाणी काही निजत नाही, पोरी. वीज कुणी घेतली नाही, तर चक्र बेफाम फिरून मोडेल. म्हणून तिथं भारसंतुलक (उरलेली वीज जिरवणारे साधन) आहे. ओढ्यात तारेचं वेटोळं बुडवलंय. उरलेली वीज त्यात जाते आणि..."

आजोबा अडखळले. तोवर चष्म्यासह बनाई ओढ्याच्या काठाशी पोचली होती. निळ्या पाण्यातून एक केशरी बट निघाली होती आणि वाहता वाहता फिकट होत विरून जात होती.

"आजा!" ती ओरडली. "आपुन रातभर वढ्याला शेक देतोय!"

त्याच आठवड्यात आजोबांनी सात लोखंडी पिंपे आणवली आणि ती कोरड्या वाळूने भरली. "वाळूच का?" असे बनाईने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पाणी शंभर अंशांना उकळून उडून जातं. वाळू त्याहून कितीतरी अधिक तापते, तरी जागची हलत नाही. भोवती राख-मातीचा जाड लेप दिला, की ती आपली ऊब घाईनं सोडत नाही. हा झाला ऊष्मासंचय (उष्णता साठवून हवी तेव्हा वापरणे)." ओढ्यातली वीज आता पिंपांतल्या वेटोळ्यांत वळली.

आजोबांनी बनाईच्या घरातले पिंप दाराजवळ मांडले होते. आईने ते हलवायला लावले.

"चूल हुती तितंच ठेवा. ऊब कुटं जाया हवी, ते घराला ठावं हाय."

पहिल्या पहाटे बाहेर दहिवर गोठले होते. आईने कुडाला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्या दिवशी तिने कोयता काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बनाई सलग सहा दिवस शाळेत गेली. सातव्या दिवशी रविवार आला, याचे तिला चक्क वाईट वाटले.

आजोबा पलीकडच्या डोंगरावरच्या वाड्याची मोजणी करायला निघाले, तेव्हा आईने पदर खोचला.

"म्या बी येते. तुमास्नी इचारता येत न्हाई."

आणि त्या वाड्यावर, पहिल्याच घराच्या ओट्यावर बसून, तिने पहिला प्रश्न विचारला, "बाय, पावसाळ्यात पोरांची वली कापडं तू कुटं वाळवतीस?"