तीन डोकी

गाडीच्या टपावरचं कॅरिअर देतो, पण आधी दोघं जरा बसा. ते शटर अर्धं ओढ रे, वारा आत येतोय. पोरं झोपली ना गाडीत? असू देत. काच बोटभर खाली ठेव म्हणजे झालं.

तर ठरलं तुमचं. ऑफ सीझनला समुद्र, निम्म्या भाड्यात खोली, आणि उद्या रात्रीच निघायचं, म्हणजे पोरं झोपेत राहतात आणि रस्ताही मोकळा मिळतो. सूनबाई, आमचा पुतण्या पहिल्यापासून असाच चिक्कू. या गॅरेजमधून साधा नट न्यायचा तरी 'जुना आहे का काका' विचारायचा. हसतोस काय, खोटं बोलतोय का मी? जा, खुशाल जा. मी अडवणारा कोण? फक्त त्या व्हॅनवाल्याचं ऐकून जा. रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस होता तो माझ्या. आणि आधीच सांगून ठेवतो, मध्येच 'पण नंतर सगळं नीट झालं ना' असं मला विचारू नका.

शाळेची पिवळी व्हॅन होती त्याची. अकरा वर्षं तिचं ऑइल, ब्रेक, क्लच, सगळं माझ्याच हातचं. माणूस हसरा, पण कामात भारी कडक. शाळा सुटली की हा व्हॅनच्या सरकत्या दाराशी उभा राहायचा. नजर मागून येणाऱ्या गाड्यांवर, आणि हात आत चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर. एक, दोन, तीन... चौदा झाली की दार धाडकन ओढायचं आणि निघायचं. चेहऱ्यांकडे बघायचा नाही. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "अरे, एखाद्या दिवशी भलतंच पोर घरी सोडशील." तर म्हणाला, "चेहरे बघत बसलो तर मागचा ट्रक कोण बघणार? डोकी बरोबर, म्हणजे सगळं बरोबर." अकरा वर्षांत एकदा चुकला नाही. घरच्यांबरोबर बाहेर पडला तरी तेच. स्वतःच्या तीन पोरांच्या डोक्यावर हात, एक, दोन, तीन, आणि चला.

थोरली मुलगी नऊ वर्षांची, तिला घरात सगळे ताई म्हणायचे. धाकटी चार वर्षांची. आणि मधला मुलगा सहा वर्षांचा, बाळ्या. फार गुणी पोर. कुणाच्या अध्यात ना मध्यात. हातातलं बिस्किट कुणी मागितलं तर तुकडा मोडायचा नाही, अख्खं देऊन टाकायचा. बापाबरोबर इथे आला की त्या स्टुलावर बसून नुसता माझे हात बघत राहायचा. एक शब्द नाही. मला फार आवडायचा तो.

गेल्या वर्षी सप्टेंबरात शाळेत रंगकाम निघालं. शुक्रवार, शनिवारची अचानक सुट्टी मिळाली, रविवार होताच. पोरांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. व्हॅनच्या मागच्या सीट मीच काढून दिल्या, इथेच, आणि त्यांनी तिथे मोठी गादी टाकली. गॅसची छोटी शेगडी, अंडी, पाव, असं सगळं घरचंच घेतलं. किनाऱ्यावरचं एक लॉज निम्म्याहून कमी भाड्यात मिळालं. तळमजल्याची खोली, आतच बाथरूम, दारातून पाऊल टाकलं की वाळू. अख्ख्या लॉजमध्ये हे पाच जण आणि एक म्हातारा रखवालदार. दुकानं बंद, मोठ्या छत्र्या गुंडाळून दोरीने बांधलेल्या. व्हॅनवाल्याची बायको खूश. म्हणाली, "सगळा समुद्र आपल्याच नावावर झाला की!"

पहिल्या संध्याकाळी रखवालदाराने पोरांसाठी दूध गरम करून आणलं. ट्रेमध्ये लहान ग्लास चार.

"तीनच आहेत हो आमची," बायको म्हणाली.

"हो का? मला पाण्यापाशी चार दिसली." त्याने एक ग्लास परत नेला. वाद नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी तिलाही दिसली. ती व्हरांड्यात कपडे पिळत होती. लांब, लाटांच्या कडेला, चार पोरं. तिने चपला घातल्या, पायऱ्या उतरून पुढे गेली, तर तीन. गावातलं कुणाचं तरी असेल, असं तिने धरून चाललं. रात्री ताईला विचारलं. ताई म्हणाली, "तो खेळत नाही गं. आमच्या मागे नुसता उभा राहतो. त्याला आपल्या व्हॅनमध्ये बसायचंय." बाप हसला. "सांग त्याला, सगळ्या जागा भरल्यात." झालं. पोरांचं बोलणं कोण मनावर घेतो? तुम्ही घेता?

आता रविवार. एकवीस सप्टेंबर. सोमवारी सकाळी सात वाजता शाळेची पोरं घ्यायची होती, म्हणून पहाटे तीनला निघायचं ठरलेलं. पण दुपारपासून वाऱ्याने जोर धरला. आठ वाजता वीज गेली. नऊ वाजून वीस मिनिटांनी रखवालदार बॅटरी घेऊन दारात आला. लॉज आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये खाडीवर एक बुटका पूल होता. तो म्हणाला, "भरती वाढतेय. अकरापर्यंत पूल पाण्याखाली जाईल. निघायचं तर आत्ता निघा, नाहीतर दोन दिवस अडकाल. मीपण मुलीकडे चाललोय, वर गावात."

एकच धांदल उडाली. झोपलेल्या पोरांना उठवलं. बायकोने हाताला लागेल ते पिशव्यांत कोंबलं. बापाने व्हॅन दारापाशी आणली. पोरं डोक्यावरून पांघरुणं घेऊन अंधारातच बाहेर पडली. खोलीत शेवटचा बाप. मोबाइलच्या उजेडात त्याने पलंग बघितला, कोपरे बघितले. काही राहिलं नव्हतं. बाहेर येऊन त्याने कुलूप लावलं, किल्ली रखवालदाराच्या हातात दिली. रखवालदार सायकल काढून गेला.

मग हा सरकत्या दाराशी उभा राहिला. नजर पाण्याकडे. हात आत.

एक.

दोन.

तीन.

मधल्या डोक्यावरून पांघरूण सरकलं होतं, केस ओले लागले. कधी भिजला हा... एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने दार ओढलं. नऊ चाळीस.

व्हॅन सुरू करताना मागून कुठून तरी आवाज आला. धाड. धाड. खिडकी आपटत असेल, असं त्याला वाटलं. वारा होताच ना एवढा.

पुलावर पाणी यायला सुरुवात झाली होती. चाकं अर्धी बुडाली. पलीकडे पोचले तेव्हा दोघांचा जीव भांड्यात पडला. बायको हसलीसुद्धा. पुढे मोठा रस्ता. एक गाडी नाही. काच आतून धुकट होत होती. तो पुसायचा. पुन्हा धुकट.

साडेदहाला धाकटी बोलली. "आई, माझा पाय ओला झाला."

आईने मागे हात घातला. गादी चिंब. "बाळ्याने शू केली वाटतं," ती म्हणाली. मग हात नाकाशी नेला.

"काय झालं?"

"काही नाही... खारट वास येतोय."

"बाळ्या," बापाने हाक मारली. "बरं नाही का रे?"



"ताई, बघ गं. झोपलाय का तो?"

"झोपला नाहीये बाबा. माझा हात धरलाय त्याने." आणि मग, अगदी हळू... "खूप गार आहे."

पुढे एक बंद पेट्रोल पंप होता. एकच दिवा चालू. त्याने व्हॅन दिव्याखाली घेतली. उतरला. दार सरकवलं.

ताई.

धाकटी.

दोघींच्या मध्ये पांघरूण. वर आलेलं, खाली कुणी असल्यासारखं. त्याने ते उचललं...

पाणी. नुसतं पाणी.

"बाळ्या कुठाय?"

ताई रडायला लागली. "तो बाथरूममध्ये गेला होता... मला वाटलं आला. माझ्याशेजारी येऊन बसला ना, मला वाटलं तोच..." आणि हुंदके देत देत तिने सकाळपासूनची गोष्ट सांगितली. तिला कुणी विचारलीच नव्हती ती. बाबा जागा नाही म्हणतात, असं तिने त्या मुलाला सांगितलं. तेव्हा बाळ्या त्याला म्हणाला, "माझी जागा घे."

आई रस्त्यावर खाली बसली. 

आणि बापाला तो आवाज आठवला. त्या खोलीच्या खिडकीला गज होते. आपटेल अशी झडप तिला नव्हतीच.

पाणी पी थोडं, सूनबाई. नको? बरं.

तो उलटा फिरला. किती जोरात आला असेल ते विचारू नका, इंजिनचं काय झालं होतं ते मी नंतर बघितलं. पावणेबाराच्या आत पुलाशी आला. पूल नव्हता. म्हणजे होता, पण पाण्याखाली. अलीकडे दोन पोलीस आणि एक ट्रकवाला दोरी बांधून उभे. रखवालदाराचा फोन लागेना. हा सरळ पाण्यात शिरला. तिघांनी ओढून बाहेर काढला. पुन्हा शिरला. मग तिघांनी त्याला रस्त्यावर पालथा पाडून धरून ठेवला. "कुलूप मी लावलंय," एवढंच तो ओरडत होता. "सोडा, कुलूप मी लावलंय..." नंतर आवाज बसला. समोर लॉज दिसत नव्हतं. काहीच दिसत नव्हतं. असा पहाटेपर्यंत.

नऊ दिवस शोधलं. बोटी आणल्या, पाणबुडे उतरवले, खाडी, किनारा, खडकांच्या फटी. एक चप्पल मिळाली नाही. आता तो एका गोदामात रात्रपाळी करतो. बायको मुलींना घेऊन आईकडे गेली. भांडली नाही, दोष दिला नाही, नुसती गेली. ताईला आता अंधारात हात धरलेला चालत नाही. व्हॅन त्याने माझ्याकडे आणून उभी केली, मोडीत घाल म्हणाला. त्या दिवशी तुम्ही बसलात त्या बाकावर बसून त्याने मला सगळं सांगितलं.  मीच माझ्या हाताने... असं तो म्हणत होता.  खोलीचं त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं.

सहा वाजून दहा मिनिटं. पाणी उतरलं होतं. रखवालदार किल्ली घेऊन आला, पण दारापाशी येऊन ती त्याने बापाच्याच हातात दिली. कुलूप बापालाच काढावं लागलं. कुलूप शाबूत. खिडकीचे गज शाबूत. भिंतीवर पाण्याची रेघ, बापाच्या छातीला लागेल इतकी वर. टेबल उलटं. कपाट आडवं. सगळीकडे गाळ.

बाथरूममध्ये कुणी नाही.

पलंगाखाली कुणी नाही.

पलंग मात्र जागचा हलला नव्हता. वरची गादी... कोरडी. चादर दोन्ही बाजूंनी आत खोचलेली. पोरं झोपली की त्यांची आई खोचते, तशी. पण त्या रात्री तिने खोचली नव्हती. आणि उशीवर खळगा. लहानसा.

त्याने उशीवर हात टेकवला.

उशी गरम होती.