वरची वस्ती, खालची वस्ती

कादंबरीची मैत्रीण सृष्टी ऐनवेळी आली नाही, म्हणून डेक्कनच्या कॅफेतल्या गेमिंगच्या मेळाव्यात आयोजकांनी तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत सलिलला बसवलं. नीट ओळख व्हायच्या आतच दोघांचं भांडण झालं.

खेळ जोडीनं खेळायचा होता. डोंगराच्या कुशीत बुटक्यांची वसाहत उभी करायची. जमिनीखाली राहिलं की राक्षसांची भीती नाही, पण ऊन न मिळाल्यानं बुटके कुढायला लागतात. वर राहिलं की शेती पिकते, सगळे खुशीत असतात... आणि धाड कधी पडेल याचा नेम नाही. कादंबरीनं मुकाट्यानं भुयारं खणायला घेतली. सलिलनं वर आधी पेरूची बाग लावली.

“अहो, तटबंदी?”

“करू की. आधी जरा सावली नको?”

“सावलीच हवी होती, तर खाली भरपूर आहे.”

तो मनापासून हसला. कादंबरीचं डोकंच उठलं.

मेळावा संपला, वसाहत संपली नाही. मग संध्याकाळी घरून खेळ सुरू झाला. तो शनिवार पेठेतून, ही धायरीतून. तो शाळेत भूगोल शिकवायचा. ही हिंजवडीत दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून, तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये अडकून घरी यायची, तर इथे याच्या चुका तयार! धान्य उघड्यावर. मेंढ्या जिन्यात.

“उद्यापासून बंद,” असं ती सृष्टीला रोज सांगायची. आणि संध्याकाळ झाली की हेडफोन शोधायची.

एकदा घसा बसला होता म्हणून ती गप्प गप्पच होती.

“आज ओरडला नाहीत,” सलिल थोड्या वेळानं म्हणाला. “बरं नाहीये का?”

“ठीक आहे.”

“नाही... आवाज बसलाय. झोपा तुम्ही. मी बघतो.”

“तुम्ही बघणार, म्हणून तर झोप येत नाही.”

तरी ती झोपली. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिच्या भुयारातल्या मोठ्या दालनाच्या छताला एक झरोका पडलेला. न विचारता! उन्हाचा तिरपा पट्टा खाली उतरला होता आणि तिचे कुढणारे बुटके त्यात गोल करून बसले होते.

“झरोक्याचे गज वाकडे लागलेत,” ती म्हणाली. पण बराच वेळ तिनं स्क्रीन हलवली नाही.

त्याच आठवड्यात धाड पडली. राक्षस बागेत शिरले. सलिलचे बुटके भुयाराच्या तोंडाशी धावले.

“बंद करा,” तो शांतपणे म्हणाला. “तुमचे तरी वाचतील.”

“आणि तुमचे?”

“माझं चुकलं ना. करा बंद.”

हा शहाणपणा नेमका आत्ताच सुचायचा होता! चिडून, दात-ओठ खात तिनं दरवाजा सताड उघडला. त्याचे सगळे आत आले, पाठोपाठ राक्षसही आले. तिनं महिनोन्‌महिने खणलेलं सगळं बघता बघता गेलं.

“हे का केलंत?” त्यानं विचारलं.

तिनं कॉल कापला.

नंतर तो ऑनलाइन आलाच नाही. पहिल्या संध्याकाळी तिला बरं वाटलं. मग राग आला. मग असा राग आला, की सृष्टीनं सरळ विचारलं, “अगं, तू त्याच्यावर चिडलीयेस की त्याची वाट बघतीयेस?”

रविवारी सकाळी धायरी फाट्यावर ती भाजीवाल्या मावशींकडे मेथीची जुडी निवडत होती, तेवढ्यात समोर सलिल उभा. हेल्मेट हातात, कपाळावर घाम.

“तुम्ही रविवारी इथे भाजी घेता म्हणाला होतात, म्हणून...” तो अडखळला. “मला तुम्ही आवडता. खेळ नसला तरी. हेच सांगायचं होतं.”

“एवढं सांगायला शनिवार पेठेतून इथवर? फोन नव्हता?”

“फोनवर तुम्ही ओरडता.”

“मी समोरही ओरडणार आहे!”

“हो,” तो म्हणाला, “पण समोर असलात की दिसता.”

भाजीवाल्या मावशी खुदकन हसल्या. कादंबरीचे कान तापले. तिनं मेथीची जुडी त्याच्या हातात कोंबली.

“धर ही,” ती म्हणाली. “आणि घरी चल. आई विचारेल कोण आहे, तेव्हा एकदा तरी नीट उत्तर दे.”