पुकारायचं नाव

मी त्यांच्या शेजारी बसले ते केवळ दुसरी खुर्ची रिकामी नव्हती म्हणून.

नवीन जालन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात दर गुरुवारी हाऊजी चाले. मालक गेल्यापासून मी घरात तोंड मिटूनच बसायचे, म्हणून सुनेनं मला जवळजवळ ढकलत तिथं नेलं. शेजारी बियाणं कंपनीतून निवृत्त झालेले त्रिंबकराव.

"चिंचोके न्हाई आणले?"

"कशाला?"

"नंबर पुकारला की त्याच्यावर ठिवायला. घ्या माझे."

त्यांनी अर्धे चिंचोके माझ्या ओंजळीत ओतले. उगीचच मी पदर सावरला.

सुरुवातीला माझे नंबर सुटायचे. हळूहळू कान तयार झाले. कोण जिंकलं, कोण रुसलं, हे मी घरी सांगू लागले, रात्री झोपही लागू लागली. त्रिंबकराव बायको गेल्यावर गॅसवर दूध ठेवून विसरायचे म्हणे. आता त्यांना माझंही तिकीट पाठ असायचं.

"तुमचा सत्तावीस राह्यला बघा."

"तुमचं ध्यान माझ्या तिकिटावर कसं?"

"दुसरीकडं लागतच न्हाई..."

मग एका गुरुवारी ते म्हणाले, "भाऊ मंठ्याला बोलवून राह्यलाय. इथं कुणासाठी राहू? तुम्ही हो म्हणला, तर थांबतो. लग्न करू, चारचौघांत. पुढच्या गुरुवारी सांगा."

मला ते हवे होते, एवढं खरं. पण लेकाला काय वाटेल, सासरी केदारखेड्यात भावकी काय बोलेल... गुरुवार उजाडला तरी माझी हिंमत होईना. त्यांनीही विचारलं नाही.

त्या दिवशी त्यांचं फुल हाऊस झालं. आमच्याकडं रीत अशी, की शेजाऱ्यानं तिकीट तपासायचं आणि उभं राहून जिंकणाऱ्याचं नाव पुकारायचं. त्यांचं नाव मी कितीदा तरी बेधडक पुकारलं होतं.

तिकीट बरोबर होतं. मी उभी राहिले, तोंड उघडलं — आणि नाव येईना. मालकांचं नाव जन्मभर असंच ओठांत अडायचं.

"अगं गोपिका, पुकार की जल्दी!" मागून जयवंताबाई ओरडल्या. "नाव घ्यायला काय झालं? नवरा हाय का तुझा?"

हशा पिकला. मी मान खाली घातली, पण नाही म्हणाले नाही.

हसणं हळूहळू थांबलं. त्रिंबकरावांचे डोळे भरून आले होते.

"जयवंताबाई," ते म्हणाले, "माझं नाव तुम्हीच पुकारा. यांना आता घेता यायचं न्हाई."