आठ लाख वर्षांचा दगड कुठे गेला?

टण्ण! चमचा खाली पडला आणि स्वयंपाकघरातली शांतता फुटली.

"अनुराधा, दाराशी ठेवलेली पिशवी कुठंय?" बाबांचा आवाज चिरकला होता. "त्यात दगड होता!"

"दगड? घरात कशाला आणलात?" आईने विचारलं.

"साधा नाही गं तो! इंडोनेशियातल्या एका बेटावरचं हत्यार आहे. माणसाच्याच कुळातल्या, पण आपल्याही आधीच्या कुणीतरी आठ लाख वर्षांपूर्वी घडवलेलं! नीट बघायला म्हणून काल घरी आणलं. सेन्सेईंना, म्हणजे माझ्या प्राध्यापकांना न विचारता. दहा वाजता ते प्रयोगशाळेतलं कपाट उघडतील. रिकामं दिसलं, तर क्योतोतलं माझं संशोधन संपलंच!"

नुपूरने दाराकडे पाहिलं. सुट्टी लागल्यापासून कचरा खाली नेणं तिचं काम होतं. आज न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. रिकाम्या डब्यांच्या पिशवीबरोबर तिने दाराशी ठेवलेली ती पिशवीही नेली होती!

"आलेच!" कसंबसं म्हणून ती धावत जिना उतरली. मागोमाग तिचा सहा वर्षांचा भाऊ साई.

खाली तिची मैत्रीण सोनल सायकलमध्ये हवा भरत होती. "काय गं, भूत बघितलंस?"

"बाबांचं आठ लाख वर्षांचं हत्यार मी कचऱ्यात टाकलं!"

"अगं बाई! पळ! कचऱ्याची गाडी आत्ताच वळली!"

दुसऱ्या कोपऱ्यावर गाडी दिसली. तिच्या मागचा लोखंडी जबडा कर्रर्र करत मिटत होता. आत काहीतरी कडाकड मोडलं.

"थांबा! थांबा हो!" ती मराठीतच किंचाळली. सोनलने धापा टाकत जपानीत सगळं सांगितलं, तेव्हा कामगाराने मान हलवली. "दगड आम्ही नेत नाही. लाल चिठ्ठी लावून पिशवी तिथेच सोडली."

तिघं उलट पळत आली. पिशवी नव्हती! भिंतीवर दोन कावळे बसले होते आणि गटाराच्या जाळीला लाल चिठ्ठी लावलेलं फाटकं प्लास्टिक अडकलं होतं. खाली काळं पाणी.

"गेला," नुपूर पुटपुटली. सव्वानऊ वाजले होते.

"म्हणजे तुम्ही पुण्याला परत जाणार?" सोनलचाही आवाज बारीक झाला.

"ताई, ती निळी जाळी उडत नाहीये," साई म्हणाला.

"गप रे!"

"पण रोज उडते ना! शेजारच्या ओता आजी रोज तिच्यामागे धावतात!"

नुपूर गर्रकन वळली. कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून त्यावर टाकायची निळी जाळी घडी करून ठेवली होती. आणि घडीवर एक काळपट दगड! तिने तो उचलला. अंगठा अलगद एका खोलगट जागेत बसला. कडेला टवके उडवून धार काढलेली!

"माझा आहे तो!" झाडू घेऊन ओता आजी आल्या. मग नुपूरच्या डोळ्यांतलं पाणी पाहून थबकल्या. "कावळ्यांनी पिशवी फाडली गं. पण दगड हातात इतका छान बसला की टाकवेना. घे, तुझाच."

साडेनऊला दगड बाबांच्या हातात होता.

"बाबा, तो मीच टाकला होता," नुपूर म्हणाली.

"चूक माझी, पोरी. सेन्सेईंना सगळं खरं सांगणार आहे. आणि तुम्ही तिघांनी तो शोधला, हेही!"

"शहाणी गं माझी बाळं," म्हणत आईने तिघांना जवळ ओढलं.

साईने दगडावरून हळूच बोट फिरवलं.

"ताई, हा ज्यांनी केला ना, त्यांची मुलं घाबरली की आईला काय म्हणून हाक मारायची?"

नुपूरने त्या खोलगट जागेत पुन्हा अंगठा ठेवला. "बाबा, सेन्सेईंना हेही विचारा ना!"